चलोचाचा आणि रॉकेटचा पाय

ये गं पल्लवी, अशी जवळ ये. कागदावर का होईना, पण ये. टाच दुखते म्हणून तू मला मेसेज पाठवतेस, त्यात शब्द कमी आणि रडकी तोंडं जास्त. आत्याला फोन करायला काय बोटाचीही शीर तुटली का गं तुझी? मोठी झालीस, पुण्याला फ्लॅट झाला, पण लहानपणी ताप आला की माझ्याच मांडीवर येऊन पडायचीस, ते विसरलीस.

तर टाचेमागचा दोर फाटलाय म्हणतेस. आणि तुमच्याकडचे मोठे डॉक्टर तुझंच रक्त काढणार, यंत्रात गरागरा फिरवणार, वरचं पिवळं पाणी घेणार आणि तुझ्याच टाचेत टोचणार. माल तुझा, टाच तुझी, बिलही तुझंच. बरं आहे बाई धंद्याचं. वर तू मलाच विचारतेस, ‘आत्या, तू असलं कधी ऐकलंयस का?’ अगं, ऐकलंय काय! ते यंत्र माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगवर फिरलंय. पेशंट आमच्याच गोठ्यात उभा होता. चार पायांचा.

चलोचाचा आठवतो ना? त्याला सावकाश चालता येत नसे. हा त्याचा दोष नव्हता, धंदा होता. माथेरानला गाड्या नाहीत, त्यामुळे पाहुणा घोड्यावर बसणार आणि चाचा लगाम धरून पुढं पळणार, असा जन्म गेलेला. तोंडात एकच शब्द, चलो. घोडीला चलो, पाहुण्यांना चलो, उतू जाणाऱ्या दुधालाही चलो. मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, तर मुलीच्या आधी हाच जाऊन गाडीत बसला. तुझे काका गेले तेव्हा समाचाराला आला, ओट्यावर टेकला, डोळे पुसले आणि ‘चलो वैनी’ म्हणून उठला. कुठं चलो? मला त्या दिवसांतही हसू आलं, आणि सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की विचारू नकोस.

पावसाळ्यात वर डोंगरावर चिखल, जळवा आणि शुकशुकाट. मग घोडी खाली पायथ्याच्या गावांत येतात. चाचा आमच्याच गावचा, त्याची घोडी आमच्या गोठ्यात यायची. म्हशी विकल्यापासून तो रिकामाच होता, आणि तुझ्या काकांचा नि चाचाचा दोस्ताना जुना. घोडीचं नाव रॉकेट. नाव ऐकून पाहुणे खूश व्हायचे, तिला बघून अजून खूश व्हायचे, कारण ती रॉकेट अजिबात नव्हती. तांबडी, पोट सुटलेली, शहाणी बाई होती. पण चाचानं ‘चलो’ म्हटलं की मात्र कान टवकारून दुडक्या चालीनं सुटायची.

त्या वर्षी मे महिन्याच्या गर्दीत एक पाहुणा तिच्यावर बसला. एक म्हणायचा म्हणून एक. वजनाला घरचे सगळेच होते. उतारावर रॉकेटचा पुढचा उजवा पाय दगडावरून घसरला. ती थांबली. पाहुण्याला सूर्यास्त गाठायचा होता. सूर्य काय, परत उगवतच नाही ना! चाचा म्हणाला, ‘चलो.’ आणि ती गेली. सूर्यास्त छान झाला म्हणे. खाली आली तेव्हा पायाचा मागचा दोर केळ्यासारखा फुगून बाहेर आलेला.

गोठ्यात तिला बांधल्यावर गावातले सगळे डॉक्टर गोळा झाले. म्हणजे डॉक्टर सोडून सगळे. कुणी आंबेहळद उगाळून आणली, कुणी बिब्बा घालायला निघालं, कुणी कोमट तेल आणलं. कोमट तेलवाली मीच होते, हे आधीच सांगते, म्हणजे तुझी आई चुगली करणार नाही. दुसऱ्या दिवशी एक दलाल आला. रोगी जनावराचा वास या लोकांना कसा लागतो देव जाणे. त्यानं लांबूनच पाय बघितला आणि म्हणाला, ‘‘चाचा, ही आता वर चढत नसते. देऊन टाक. वीटभट्टीवर कामाला येईल.’’

वीटभट्टीवर लंगडी घोडी किती दिवस कामाला येते, हे चाचालाही माहीत होतं आणि मलाही. दलाल गेल्यावर चाचा मला म्हणाला, ‘‘वैनी, ती थांबली व्हती वो. मीच चलो म्हणलो.’’

बस, एवढंच. पुढं ज्या काही उठाठेवी झाल्या त्या एवढ्यावरून झाल्या.

आमच्या बाजूला आता शेतांपेक्षा फार्महाऊस जास्त पिकतात, ते तुला माहीतच आहे. त्यातल्या एकाकडं रेसमधून निवृत्त झालेले घोडे आहेत. माणसांना पेन्शन नाही, पण ते असो. त्यांना तपासायला एक डॉक्टरीणबाई यायची. चाचा तिच्या गाडीपुढं जाऊन उभा राहिला. काय बोलला, किती विनवलं, कितीला ठरलं, मला माहीत नाही. त्यानं कधी सांगितलं नाही. पण ती आली खरी. पोरसवदा, केस मुलासारखे कापलेले, गमबूट घातलेले. रॉकेटच्या पायावरचे केस भादरून तिनं त्यावर एक छोटं यंत्र फिरवलं आणि टीव्हीसारख्या काचेवर आम्हाला दाखवलं. पांढऱ्या दोरात मधोमध काळं भोक.

‘‘हिचंच रक्त काढून हिच्याच पायात सोडू,’’ ती म्हणाली.

‘‘मंग ते आधीच तितं हाय की,’’ चाचा म्हणाला. ‘‘पायात रगत नाय काय हिच्या?’’

‘‘दोरात रक्त फार कमी जातं, चाचा. म्हणून तो लवकर जुळत नाही. जखम भरून काढणारे कण रक्तात असतात. ते गोळा करायचे आणि नेमके फाटलेल्या जागी सोडायचे.’’

चाचानं विचार केला. ‘‘म्हंजे नाक्यावरनं मजूर भरायचे नि टेंपोनं साइटवर सोडायचे.’’

‘‘अगदी तसंच!’’ बाई खूश झाली. मला वाटतं, तिनं पुढं आणखी कुणाला तरी हे असंच समजावलं असणार, आणि चाचाचं नाव नक्की घेतलं नसणार.

रॉकेटच्या मानेतून रक्त काढलं. ते फिरवायचं यंत्र माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं, मिक्सर काढून. चटणी राहिली त्या दिवशी. यंत्र घूं करून फिरायला लागलं आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं लाइट गेली. डॉक्टरीणबाई यंत्राकडं बघते, मी बल्बकडं, आणि चाचा दोघींना म्हणतो, ‘‘हिचं नाव रॉकेट ठेवायला नको व्हतं. घूं करून विझणारच की.’’ लाइट येईपर्यंत बाईनं दोन कप चहा घेतला, आणि रक्त परत काढावं लागलं. रॉकेटनं मान पुन्हा पुढं केली. आमच्याकडच्या लाइटीची तिलाही सवय होती. मग नळीत तांबडं खाली बसलं, वर ताकाच्या निवळीसारखं पिवळं पाणी आलं. तेवढं सुईत घेऊन बाईनं काचेवर बघत बघत ते त्या काळ्या भोकात सोडलं.

‘‘झाली बरी?’’ चाचानं विचारलं.

‘‘छे. आता वाट बघायची. वर्षभर धरा.’’

‘‘वर्षभर? मंग मशीन कशाला आणली?’’

बाई हसली नाही. तिनं नीट समजावून सांगितलं. तेल चोळायचं नाही (माझ्याकडं बघून). थोडी सूज येईल, ती मारायला दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, त्या कणांना आपलं काम करू द्यायचं. आधी नुसती विश्रांती. मग सपाट, कडक रस्त्यावर हातात धरून चालवायचं, आज थोडं, पुढच्या आठवड्यात त्याहून थोडं जास्त. दोर विणला जातो तो ओढ पडेल तसा, म्हणून चालायला हवंच; पण पळवायचं नाही. एक पाऊलही नाही.

‘‘चलो,’’ चाचा म्हणाला. ठीक आहे अशा अर्थानं. गोठ्यात रॉकेटचे कान उभे झाले आणि दुखरा पाय उचलला गेला.

बाईनं ते बघितलं. ‘‘चाचा, हा शब्द आजपासून बंद.’’

तर पल्लवी, तुला आयुष्यभर हसायला पुरेल अशी गोष्ट सांगते. चलोचाचाला ‘चलो’ म्हणायची बंदी. बोलायला तोंड उघडायचा आणि तसंच मिटायचा. निघताना ‘चल...’ म्हणून थांबायचा आणि मग घसा खाकरायचा. गावातली पोरं मुद्दाम यायची, ‘‘चाचा, निघताय? मग काय म्हणायचं?’’ चाचा दगड उचलायचा. एसटीच्या कंडक्टरनं आमच्या थांब्यावर ‘चलो चलो’ ओरडलं, तर चाचानं धावत जाऊन त्यालाही दम दिला. कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला उन्हाचा त्रास झाला. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं.

त्या वर्षी तो वर गेलाच नाही. कुंभिवलीला एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी धरली. आयुष्यभर पळणाऱ्या माणसाला खुर्ची दिली, वर शिट्टी दिली. सकाळी पाळी संपली की तसाच यायचा, डोळे तांबडे, आणि रॉकेटला घेऊन देवळापासून शाळेपर्यंतच्या नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर चालायला लागायचा. सावकाश. तो सावकाश चालतोय हे बघायला बाया पाण्याचे हंडे खाली ठेवून उभ्या राहायच्या.

आणि त्या घोडीची गंमत अशी की तिला नुसतं चालायची सवयच नव्हती. डोंगरावर ती एका पॉइंटपासून दुसऱ्या पॉइंटला जायची, तिथं थांबायची, पाहुण्यांनी फोटो काढले की पुढं. आमच्या रस्त्यावर पॉइंट कुठले? तिनं स्वतःच ठरवले. शाळेच्या भिंतीशी उभी. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याशी उभी, कारण तिथून समोर डोंगर दिसतो. माझ्या ओट्यापुढं उभी. मान वळवून, एक कान पुढं करून, फोटोत बरं दिसावं असं. चाचा ओरडायचा, ‘‘वैनी, तुमचा पॉइंट आला वो! चा टाका!’’ माझ्या ओट्याला वैनी पॉइंट नाव पडलं ते तेव्हापासून. टपालवाला अजून तेच म्हणतो. बाकी ‘पुढारलेलं गाव’ म्हणून आमच्याकडं बोर्ड लावलाय, तो कुणी वाचत नाही.

सूज उतरत आली होती आणि दिवस बरे चालले होते. अशात एका सकाळी, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात फोन, असा चाचा येत होता. मुंब्र्याहून मुलीचा फोन. बोलणं झालं, आणि तू, मी, सगळं जग फोन ठेवताना जे म्हणतं तेच तो म्हणाला. ‘‘चलो बेटा, ठेवतो.’’

रॉकेट सुटली. चाचा लगामाला लोंबकळत मोरीपर्यंत गेला, फोन गटारात, गुडघे फुटलेले. संध्याकाळपर्यंत तिचा पाय परत फुगला. दुसऱ्या दिवशी दलाल हजर! मी सांगते, या माणसाला गावात पगारी हेर असणार. ‘‘बघ चाचा, मी म्हणलो व्हतो. आता तरी...’’

चाचा गोठ्याच्या दारात बसला होता, गुडघ्याला हळद लावून. मी म्हटलं आता देतोय बहुतेक. तोही थकला होता गं. रात्रपाळी, दिवसा घोडी, आणि बायकोचे टोमणे, की माझ्या गुडघ्याला कधी डॉक्टर आणला नाहीस. तो त्या दलालाकडं बघत म्हणाला, ‘‘एकदा ती थांबली तवा मी थांबलो नाय. आता मी थांबतो. तुमी निघा.’’ मग त्या दलालाला हाकलायला सवयीनं तो नेहमीचा शब्द ओठांवर आला, तो गिळला, आणि नुसतं रस्त्याकडं बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाई आली, यंत्र फिरवलं, म्हणाली दोर पुन्हा तुटला नाही, पण पहिल्यापासून सुरू करा. तिनं चाचाचं चालणंही बघितलं. तो डावी टाच टेकवत नव्हता. ‘‘चाचा, तुमचाही टाचेचा दोर गेलाय. दाखवा कुणाला तरी.’’

‘‘मी काय रेसचा हाय? आणि घरातल्या एकाला दाखवलं ना. झालं.’’

हे माणसाचं शहाणपण! घोडीच्या पायाला सोनोग्राफी, स्वतःच्या टाचेला जुनी चप्पल. पण गंमत बघ. तो तिच्या बरोबरीनं चालत होता ना, आज थोडं, उद्या थोडं, सपाटीवर, पळायचं नाही. वर्ष सरता सरता त्याचीही टाच टेकायला लागली. इंजेक्शन तिला, आराम दोघांना. मी डॉक्टरीणबाईला पकडून विचारलं, ‘‘मग घोडी बरी झाली ती तुमच्या पिवळ्या पाण्यानं की या चालण्यानं? चाचाला तर तुम्ही काहीच टोचलं नव्हतं.’’ त्या बाईचं मला एक आवडलं. थाप मारली नाही. म्हणाली, ‘‘काकू, छातीठोक नाही सांगता येत. इंजेक्शन दिलेल्याही सगळ्या बऱ्या होत नाहीत, न दिलेल्याही काही होतात. मदत होते असं वाटतं. पण नंतरचं चालणं ज्यांनी केलं नाही, त्यांचं इंजेक्शन वाया गेलेलं मी पाहिलंय.’’ तुझे डॉक्टर असं बोलतात का, बघ विचारून. काचेच्या केबिनमध्ये बहुधा ऐकू येत नसेल.

शेवटच्या तपासणीला काचेवरचं काळं भोक भरलेलं दिसलं. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो. मग बाई म्हणाली, ‘‘पण दोर पहिल्यासारखा नाही. सपाटीवर चालेल, हलकं ओझं चालेल, थोडा वेळ. डोंगर मात्र नाही. कधीच नाही.’’

म्हणजे बघ, घोडी सगळ्यासाठी बरी झाली, फक्त ज्या कामासाठी बरी करायची होती ते सोडून. चाचा बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मी चहा टाकायला आत गेले. पदर डोळ्याला लागला असेल तर तो चुलीच्या धुरानं. गॅस आहे माझ्याकडं, ते मला माहीत आहे. तू गप्प वाच.

आणि मग तुझ्या भावाचं लग्न आलं. आठवतं? मुलगी आमच्याच गावची, म्हणून वऱ्हाड माझ्याकडं उतरलं होतं. मंदारच्या वरातीला खोपोलीहून पांढरा घोडा ठरवला होता. तो आला, डीजेचा पहिला ठोका ऐकला आणि आल्या वाटेनं परत गेला. नवरदेव फेटा बांधून दारात उभा, तुझी आई मला दोष देतेय, जसा काही तो घोडा मीच जन्माला घातला होता. मी गोठ्यात गेले. चाचा म्हणाला, ‘‘नवरदेव किती किलो?’’ म्हटलं, ‘‘उभा राहिला की सावली पडत नाही.’’ ‘‘मंग हरकत नाय.’’

सपाट रस्ता, हलकं ओझं, मुंगीच्या चालीची वरात. रॉकेटला वर्षभर याचीच तालीम दिलेली होती, फक्त ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आगगाडीची शिट्टी आणि पाहुण्यांची कटकट ऐकत जन्म गेलेला, तिला डीजेचं काय! आणि शाळेची भिंत आली, ती थांबली. मोरी आली, थांबली. मान वळवली, कान पुढं केला. फोटोवाला तर वेडा झाला. तूच विचारलंस मला, ‘आत्या, ही घोडी इतकी शहाणी कशी गं?’ तेव्हा तुला ऐकायला वेळ नव्हता. सेल्फी काढायची होती.

त्यानंतर कर्जत-खालापुरात लग्न म्हटलं की रॉकेट. पण चाचाच्या अटी! नवरदेवाला आधी स्वतः बघणार. जाड असला तर तोंडावर सांगणार, ‘‘याला गाडीत बसवा. न्हाय तर बारीक भाऊ असंल त्याचं लगीन करा.’’ कितीतरी बाप चिडून गेले. आणि वरातीत कुणी ‘चलो’ म्हणायचं नाही. बँडवाल्यांना आधी शपथ घालायचा. जो माणूस मुलीच्या पाठवणीत पहिला गाडीत बसला होता, तो परक्यांच्या वरातीत घोडीपुढं असा चालायचा, जणू त्याला कुठं पोचायचंच नाही.

गेल्या वर्षी चाचा गेला, ते मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू ‘ओह’ म्हणालीस. झोपेतच गेला, टाचा शेवटपर्यंत ठणठणीत. त्यांच्यात जनाजा रेंगाळत नेत नाहीत, झपझप नेतात. मी ओट्यावर उभी होते. माणसं खांदे बदलत घाईघाईनं गेली, माझ्या ओट्यापुढून, मोरीवरून, शाळेच्या भिंतीजवळून, कुठंही न थांबता. इतक्या दिवसांनी चाचा पुन्हा आपल्या मूळ वेगानं चालला होता. मी तोंडाला पदर लावून म्हटलं, ‘‘चलो, चाचा.’’ मागं गोठ्यात रॉकेटनं ऐकलं असणार. पण पाय आपटल्याचा आवाज आला नाही.

मुलीनं घोडी माझ्याकडंच ठेवली. मुंब्र्याच्या तिसऱ्या मजल्यावर कुठं नेणार? आता सकाळी मी तिला फिरवते. खरं तर तीच मला फिरवते. शाळेची भिंत, मोरी, मग आमचा ओटा. मोरीशी मात्र जरा जास्त वेळ उभी राहते, डोंगराकडं बघत. मी घाई करत नाही. माझा गुडघाही तेवढाच विसावतो.

तेव्हा इंजेक्शन घ्यायचं तर घे बाई, मी नको म्हणत नाही. तुझंच रक्त आहे, वाया थोडंच जाणार. पण नंतरच्या चालण्याचं काय? तुमच्या सोसायटीत चालायला गेलीस की कानात वायरी आणि पायाला चाकं. त्यापेक्षा सुट्टी टाक आणि इथं ये. मधल्या खोलीतली खाट तुझ्यासाठी झटकून ठेवलीये, तांदळाची भाकरी आहे, रस्ता सपाट आहे आणि बरोबर चालायला अनुभवी बाई आहे. इथं चालायचं सावकाश, पल्ले. पण यायचं मात्र लवकर.